गोवा ते लिस्बन : किती दूर?

पृथ्वीच्या गोलावर एक दोरी धरायची. एक टोक दाबोळीवर ठेवायचे, दुसरे लिस्बनवर, आणि दोरी ताणायची. अंतर भरते साधारण ८३०० किलोमीटर. पणजी-दिल्ली हवाई अंतराच्या साडेपाच पट. आजचे जेट विमान ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटर जाते. म्हणजे कुठेही न थांबता गेले तर साडेनऊ-दहा तासांत पोचायला हवे. प्रत्यक्षात असे थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात उतरून दुसरे विमान धरावे लागते आणि मधल्या तिष्ठण्यासकट पंधरा ते वीस तास सहज जातात. तरीही एका दिवसाच्या आतलेच काम झाले.

पण ज्या काळात गोवेकरांचे बरे-वाईट लिस्बनमध्ये ठरत होते त्या काळात हे अंतर दोरीने मोजून उपयोग नव्हता. ते महिन्यांत मोजावे लागे. आणि मला गोव्याच्या इतिहासाची पाने चाळताना पुन्हा पुन्हा असे वाटत आले आहे, की या साडेचारशे वर्षांतल्या कित्येक घटनांचा उलगडा राजे, व्हाइसरॉय, पाद्री यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा या अंतरात शोधला तर लवकर सापडतो.

वास्को द गामा लिस्बनहून निघाला ८ जुलै १४९७ रोजी आणि कालिकतला पोचला २० मे १४९८ रोजी. साडेदहा महिने. त्यातला शेवटचा टप्पा, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मालिंदीपासून मलबारपर्यंतचा अरबी समुद्र, त्याने साडेतीन आठवड्यांच्या आत पार केला, कारण नैऋत्येचे वारे पाठीशी होते आणि ते ओळखणारा वाटाड्याही मालिंदीहून बरोबर घेतलेला होता. परतताना मात्र या महाशयांना घाई झाली. आमच्या काणकोणच्या दक्षिणेला, कारवारसमोर असलेल्या अंजदीव बेटावर जहाजांची डागडुजी करून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच निघाले. वारा अजून फिरलेला नव्हता. जो समुद्र येताना तीन आठवड्यांत संपला तोच जाताना तीन महिने संपेना. हिरड्या सुजून, हातपाय सुजून खलाशी मेले, आणि आफ्रिकेचा किनारा दिसला तेव्हा जहाज हाकायला धड माणसे उरली नव्हती. आपल्याकडचा कुठलाही खारवी त्यांना सांगू शकला असता की बाबांनो, आणखी दोन महिने थांबा. पण विचारणार कोण, आणि विचारले तरी सांगणार कोण!

पुढे पोर्तुगीज हे शिकले. लिस्बनहून जहाजे मार्च-एप्रिलमध्ये सुटायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात मांडवीच्या तोंडाशी लागायची. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली, दर्या शांत झालेला, पावसाळ्यात वाळू साचून बंद पडलेले नदीचे मुख मोकळे झालेले, अशा बेताने. आग्वादच्या झऱ्याचे पाणी भरून घ्यायचे (‘आग्वाद’ म्हणजेच पाणी भरण्याची जागा), आणि परतीचा प्रवास डिसेंबर-जानेवारीत, ईशान्येचे वारे धरून. मार्ग आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून. शिवाय अटलांटिकमध्येही सरळ जाता येत नसे. वाऱ्याच्या लहरीप्रमाणे पार ब्राझीलच्या बाजूला ढळून मग पुन्हा पूर्वेकडे वळावे लागे. ८३०० किलोमीटरांचे अंतर अशा रीतीने वीस हजारांच्या वर जाई.

सहा महिने हा बरा प्रवास. यान हुइगेन व्हॅन लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ साली आर्चबिशपच्या लवाजम्यातून गोव्याला आला. ८ एप्रिलला लिस्बन सोडले आणि २१ सप्टेंबरला गोवा गाठला. याला नशीब म्हणायचे. (याच गृहस्थाने पुढे १५९६ मध्ये आपले पुस्तक छापून पोर्तुगीजांच्या सागरी वाटांची माहिती साऱ्या युरोपाला वाटून टाकली, ती गोष्ट वेगळी.) पण फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी निघाला तो गोव्याला पोचला ६ मे १५४२ रोजी. तेरा महिने. मोझांबिकला पोचेपर्यंत वाऱ्याचा हंगाम उलटला होता, म्हणून तिथेच महिनोन् महिने मुक्काम. पंधरा-वीस दिवसांचा उशीर झाला की शिक्षा सहा महिन्यांची, असा तो सगळा मामला. ज्याला आज आपण ‘कनेक्शन चुकले’ म्हणतो त्याचा हा अस्सल अवतार.

या वेळापत्रकाचा अर्थ काय होतो तो पाहा. गोव्याच्या व्हाइसरॉयने जानेवारीत पत्र धाडले, तर ते उन्हाळ्यात लिस्बनला. त्यावर दरबाराने विचार करून उत्तर लिहायचे, ते पुढच्या मार्चच्या जहाजांवर. उत्तर गोव्यात सप्टेंबरात. एका प्रश्नाला एक उत्तर, मध्ये वीस महिने. जहाज बुडाले तर पत्रही बुडाले. म्हणून एकाच पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांवरून पाठवीत, आणि प्रत्येक प्रतीवर ती पहिल्या वाटेची की दुसऱ्या वाटेची हे लिहिलेले असे. व्हाइसरॉय मेला तर नवा कोण हे विचारायलाही वीस महिने. तेवढे दिवस गादी रिकामी कशी ठेवणार? त्यावर तोड अशी काढली की राजाने मोहोरबंद लखोटे आधीच देऊन ठेवायचे. अधिकारी मेला की पहिला लखोटा फोडायचा. त्यातला माणूस हयात नसेल किंवा हिंदुस्थानात नसेल तर दुसरा. १५२४ च्या नाताळात खुद्द वास्को द गामा कोचीनला वारला तेव्हा असाच लखोटा फोडून एन्रिक द मेनेझिसचे नाव वाचले गेले. मेलेल्या माणसाचा वारस जिवंतपणीच पेटीत बंद करून ठेवण्याची ही पद्धत मला कायम थोडी भेसूर वाटत आली आहे.

पणजीच्या पुराभिलेखागारात लिस्बनहून आलेल्या आणि तिकडे गेलेल्या पत्रव्यवहाराच्या खंडांची एक थोर माळ आहे. तिचे नाव ‘मोंसोइंस दो रेनो’, म्हणजे राज्याचे मोसम. सरकारी दप्तराला पावसाचे आणि वाऱ्याचे नाव! कारण पत्रे मोसमाने येत आणि मोसमाने जात. अरबीतला ‘मौसिम’ पोर्तुगीजांत गेला, तिथून इंग्रजांत मान्सून झाला आणि आपल्याकडे मोसम म्हणून आधीपासून होताच. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी हयात घालवली ती या दप्तरांत. अनेक वर्षे ते या दप्तरखान्याचे प्रमुख होते. मराठेशाहीच्या अभ्यासकांना त्यांनी या कागदांतून किती काय काढून दिले हे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा १९६७ साली पुण्याहून निघालेला त्यांचा ग्रंथ पाहिला की कळते. शिवाजी महाराज काय, संभाजी महाराज काय, पेशवे काय, यांच्या हालचालींची बातमी गोव्याहून लिस्बनला लिहिली जायची खरी. पण ती वाचली जायची तेव्हा मराठ्यांचा घोडा कुठल्या कुठे गेलेला असायचा.

या अंतराचा फायदा सगळ्यांत जास्त कोणाला झाला असेल तर तो गोव्यातल्या अधिकाऱ्यांना. राजाचा हुकूम पसंत नसेल तर ‘महाराज, इथली परिस्थिती वेगळी आहे, फेरविचार व्हावा’ असे विनम्र पत्र लिहायचे. दोन वर्षांची निश्चिंती. मुंबईचेच उदाहरण घ्या. १६६१ च्या तहाने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण गेले. १६६२ मध्ये इंग्रजांची जहाजे ती ताब्यात घ्यायला आलीसुद्धा. पण व्हाइसरॉय आन्तोनियु द मेलु इ काश्त्रु याने कागदपत्रांत खुसपटे काढून बेट दिलेच नाही. आणि राजाला आपली बाजू लवकर कळावी म्हणून त्याने मानुएल गोदिन्यु या जेझुइट पाद्रीला खुष्कीच्या वाटेने पाठवले. गोदिन्यु १६६२ च्या डिसेंबरात वसईहून निघाला. इराणी आखात, बसरा, बगदाद, अलेप्पो, तिथून भूमध्य समुद्र असे करीत तो १६६३ च्या ऑक्टोबरात पोर्तुगालला पोचला. नकाशावर ही वाट केपच्या वळशाच्या निम्मीही नाही. पण तिला लागले दहा महिने. उंट, वाळवंटातले लुटारू, तुर्कांचे पहारे, वेषांतर... अंतर कमी म्हणजे प्रवास छोटा असे नसते, एवढे त्याच्या प्रवासवर्णनावरून लक्षात येते. एवढे करून राजाने ऐकले नाही ते नाहीच. १६६५ च्या फेब्रुवारीत मुंबई इंग्रजांच्या हातात गेली. इंग्रज तिथे बसले की आपला हिंदुस्थान गेला असे या मेलु इ काश्त्रुने राजाला बजावले होते. माणूस हट्टी असेल, पण दृष्टी स्वच्छ होती. तीन वर्षे त्याने मुंबई रोखून धरली ती सैन्याच्या बळावर नव्हे, टपालाच्या बळावर!

बातमीचेही तसेच. पोर्तुगालने स्पेनचे जोखड झुगारले आणि चौथा जुआंव राजा झाला तो १ डिसेंबर १६४० रोजी. गोव्यात हे कळले १६४१ च्या सप्टेंबरात. म्हणजे नऊ महिने गोव्यातल्या कचेऱ्या, न्यायालये आणि चर्चमधल्या प्रार्थना अशा राजाच्या नावाने चालल्या होत्या, ज्याला लिस्बनमधून हाकलून लावलेले होते.

अंतराची दुसरी बाजू गोव्यातल्या पोर्तुगीजांना १७३९ मध्ये दिसली. चिमाजी आप्पांनी त्या वर्षीच्या मे महिन्यात वसई घेतली. इकडे वाडीकर भोसल्यांनी बारदेश व्यापला, मराठी फौजा साष्टीत उतरल्या. गोव्याच्या सरकारकडे पैसा नाही, माणसे नाहीत. मदतीची हाक लिस्बनला पोचायची, तिथे फौज गोळा व्हायची, जहाजे लादायची. नवा व्हाइसरॉय मार्किश द लोरिसाल कुमक घेऊन गोव्याला पोचला तो १७४१ मध्ये, वसई पडल्यानंतर दोन वर्षांनी. त्याने भोसल्यांना बारदेशातून हटवले हे खरे. पण वसई आणि उत्तरेचा प्रांत गेला तो गेलाच. दोन वर्षे म्हणजे पुण्याला एवढा वेळ की किल्ला घेऊन, तिथली व्यवस्था लावून, महसुलाचा पहिला हिशेबही झालेला.

आणि आता ती बाजू, जिच्यामुळे मला हा विषय नुसत्या गमतीजमतीचा वाटत नाही. लिस्बनचे अंतर हे राज्यकर्त्यांच्या हातातले शिक्षेचे साधनही होते.

१७८७ चा पिंतोंचा कट आपण शाळेत शिकलो. कटातल्या सामान्य लोकांपैकी पंधराजणांना पुढच्या वर्षी पणजीत क्रूरपणे मारले. धर्मगुरूंना फाशी देणे अडचणीचे, तेव्हा त्यांना जहाजावर घालून लिस्बनला पाठवले. तिथे तेजु नदीच्या मुखावरच्या सांव जुलियांव किल्ल्यात ते खटल्याशिवाय वर्षानुवर्षे कुजले. काहींना तिथेच मरण आले. गोव्यातल्या तुरुंगात असते तर कोणी डबा पोचवला असता, कोणी भिंतीपलीकडून दोन शब्द सांगितले असते.

बेर्नार्दु पेरिश द सिल्व हा नेवऱ्याचा सुपुत्र. गोव्यात जन्मून गोव्याचा कारभारी झालेला पोर्तुगीज अमदानीतला हा एकमेव माणूस. लिस्बनच्या सरकारने त्याला प्रीफेक्ट नेमून पाठवले. कित्येक महिने समुद्र कापून तो १८३५ च्या जानेवारीत गोव्याला पोचला आणि सतरा दिवस राज्य केले! गोऱ्या आणि मेस्तिस लष्करी अधिकाऱ्यांनी बंड करून त्याला मुंबईला हाकलले. लिस्बनने दिलेला अधिकार लिस्बन टिकवू शकले नाही, कारण ते कळून तिकडून काही हालचाल होईपर्यंत इथे सगळे उरकले होते. आबे फारियाची गोष्ट आपल्याला जास्त आवडते. बापाबरोबर १७७१ मध्ये लिस्बनला गेला आणि जगभर नाव काढले वगैरे. त्याची ‘कातर रे भाजी’ तर पोराटोरांना ठाऊक. पण पेरिशच्या सतरा दिवसांत गोव्याचे खरे राजकारण अधिक आहे असे माझे मत आहे.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि केपचा वळसा संपला. वाफेच्या आगबोटींना वाऱ्याची पर्वा नव्हती. सहा महिन्यांचा प्रवास काही आठवड्यांवर आला, तारायंत्र आले, मुरगांवचे बंदर आणि तिथून ब्रिटिश मुलखाला जोडणारी रेल्वे १८८८ पर्यंत तयार झाली. गंमत अशी की याच काळात आमच्या माणसांना लिस्बनपेक्षा मुंबई हजार पटींनी महत्त्वाची झाली. तारवटी मुंबईला जाऊन इंग्रजांच्या बोटींवर चढत, हिंदू पोरे शिकायला मुंबई-पुण्याला जात. लिस्बनला जाणारे थोडे, म्हणजे वकिली-डॉक्टरीचे विद्यार्थी, सरकारी नोकर, आणि अर्थात कैदी.

१९४६ मध्ये लोहियांनी मडगांवात ठिणगी टाकली आणि त्यानंतर सालाझारच्या सरकारने जुने हत्यार पुन्हा काढले. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालला पाठवले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे, लॉयोला यांनाही. लिस्बनच्या उत्तरेला अटलांटिकच्या कड्यावर पेनिशचा किल्ला आहे, तिथे यांना ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा लिस्बन पाहिले ते असे. कुन्हा १९५३ मध्ये तिथून निसटून पॅरिसमार्गे मुंबईला परतले.

विमानाची गोष्ट आता सुरू होते. पोर्तुगीज वैमानिकांना पूर्वेकडची हौस १९२४ पासूनच होती. ब्रितु पाइश आणि सारमेंतु द बेइरिश हे दोघे त्या वर्षी लिस्बनकडून मकावला निघाले आणि त्यांचे विमान राजस्थानात, जोधपूरच्या बाजूला, कोसळले. दुसरे विकत घेऊन ते पुढे गेले. १९३० मध्ये कार्लुश ब्लेक आणि नंतर मुरैर कार्दोझु व सारमेंतु पिमेंतेल यांनी लहान लहान विमानांतून गोवा गाठला. पण ही सगळी विक्रमवीरांची कामे. गोव्यात विमानतळच नव्हता, आणि तो हवा असे कोणाला वाटतही नव्हते. सुखाने मुंबईची बोट मिळत होती.

हवा असे वाटायला लावले ते हिंदुस्थान सरकारने. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली गेली. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर हद्द पुरती बंद झाली. रेल्वे बंद, मुंबईची बोट बंद, मनीऑर्डर बंद. मुंबई विमानाने सव्वाचारशे किलोमीटरांवर, पण ती एका रात्रीत लिस्बनपेक्षा लांब गेली. घरोघरी एक माणूस मुंबईला असायचाच, आणि ज्यांनी तो काळ काढला त्यांना या सव्वाचारशे किलोमीटरांचे वजन मी सांगायला नको.

त्याच १९५५ मध्ये दाबोळीच्या पठारावर धावपट्टी झाली. तिला गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश याचे नाव दिले. आणि ‘ट्रान्सपोर्तिश आयेरियुश द इंदिया पुर्तुगेझ’, म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानची विमान कंपनी उभी राहिली. लोक तिला ‘ताइप’ म्हणत. गोवा, दमण, दीव आणि कराची असा तिचा मुख्य फेरा. भारताच्या भूमीवरून उडायला बंदी असल्यामुळे किनाऱ्यापासून दूर, समुद्रावरूनच जायचे. कराची गोव्यापासून साडेबाराशे किलोमीटर. पाकिस्तानला ही अडचणीतली गंगा हवीच होती. सुरुवातीला हेरनसारखी छोटी विमाने, मग वायकिंग, नंतर चार इंजिनांची डीसी-४. शेवटी लिस्बनपर्यंतची फेरीही आली, कराचीहून पश्चिम आशियातल्या थांब्यांवर तेल भरीत. डीसी-४ ची चाल ताशी साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. नुसते हवेतले तास मोजले तरी चोवीस होतात, थांबे वेगळे. दीड-दोन दिवस धरा. गामाच्या साडेदहा महिन्यांपुढे हे काहीच नव्हे.

लिस्बन गोव्याच्या इतक्या जवळ पूर्वी कधी आले नव्हते. आणि नेमक्या याच वेळी ते हातचे सुटले.

डिसेंबर १९६१ मध्ये हद्दीवर भारतीय सैन्य जमू लागले. सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व याला कळवले की शेवटच्या माणसापर्यंत लढा, निदान आठ दिवस तग धरा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांत काही करता येईल. बिनतारी संदेश क्षणात येत होता. पण संदेशाबरोबर माणसे आणि दारूगोळा येत नव्हता. विमानाने कुमक पाठवायची तर वाटेतल्या परक्या देशांच्या विमानतळांवर उतरून तेल भरायला हवे, आणि लष्करी सामान भरलेल्या पोर्तुगीज विमानाला कोणी सहजी उतरू देईना. वाफ गेली, शिडे गेली, तरी वाटेतले थांबे राहिलेच! त्या दिवसांतली एक गोष्ट सांगतात. गोव्याने रणगाडाविरोधी गोळे मागवताना सांकेतिक भाषेत ‘शोरिस’ मागितले, आणि लिस्बनने विमानातून खरोखरच शोरिस पाठवले. खरेखोटे मी ताडून पाहिलेले नाही, पण गोवेकर ती एवढ्या चवीने सांगतात की खोटी असली तरी जाणार नाही.

‘इंदिया’ नावाचे प्रवासी जहाज तेवढ्यात तिमोरहून लिस्बनला जाताना मुरगांवला लागले. कोणाला चढू देऊ नका असा लिस्बनचा हुकूम होता. व्हासालु इ सिल्वने तो मोडला आणि सातशेच्या आसपास गोऱ्या बायकापोरांना त्यावर चढवून दिले. जहाजाची सोय चारशेचीही नव्हती.

१८ डिसेंबरच्या सकाळी पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. अंगणात दोन मोठी विमाने उभी होती, एक ताइपचे डीसी-४ आणि एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन. ती शाबूत हाती यावीत म्हणून त्यांना धक्का लावलेला नव्हता. त्या रात्री अंधारात, खड्डे पडलेल्या धावपट्टीचा जो तुकडा उरला होता तेवढ्यावरून, अधिकाऱ्यांची कुटुंबे घेऊन दोन्ही विमाने उडाली आणि पाण्यालगत खालून उडत कराचीला पोचली. आपल्या बाजूने पाहता ती सुटली याची चुटपुट असेल. पण वैमानिकांच्या हिमतीला दाद द्यायला हवी. लिस्बनला जाणारे पोर्तुगीज गोव्यातले हे शेवटचे उड्डाण. मुरगांवच्या पाण्यात त्याच दिवशी जी पोर्तुगीज युद्धनौका निकामी झाली तिचे नाव होते ‘आफोंसु द आल्बुकेर्क’. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरच्या रात्री, व्हासालु इ सिल्वने शरणपत्रावर सही केली.

तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक इथे युद्धकैदी होऊन राहिले. विमानांचे युग असूनही त्यांना घरी जायला पाच महिने लागले, कारण सालाझारला ही हरलेली माणसे नकोशी होती. अखेर मे १९६२ मध्ये त्यांना विमानाने कराचीला नेले आणि तिथून बोटींनी लिस्बनला. पुन्हा सुएझ, पुन्हा आठवडे. काही झाले तरी पाखल्यांची ती साधी खेडवळ पोरे. लिस्बनच्या धक्क्यावर त्यांचे स्वागत पहाऱ्यात झाले.

आणि आमचा एक माणूस उलट्या बाजूला अडकला होता. सांगलीहून सावईवेऱ्याला मराठी शिकवायला आलेले मोहन रानडे. १९५५ मध्ये ते जखमी होऊन पकडले गेले आणि मुक्तीआधीच त्यांना लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात नेऊन ठेवले होते. गोवा मुक्त झाला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, १९६७ चा जनमत कौल झाला, आणि रानडे काशियाशमध्येच. भारत-पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंधच नव्हते, बोलणार कोणाशी? सुधीर फडक्यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले. तमिळनाडूच्या अण्णादुराईंनी पोपकडे शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. तेलु द माश्कारेन्यश यांना तर १९७० उजाडले. ‘सतीचे वाण’ हे रानड्यांचे आत्मकथन मिळाले तर जरूर वाचा.

दोन्ही देशांचा समेट झाला तो ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत. पोर्तुगालकडून मारियु सुआरिश आणि आपल्याकडून यशवंतराव चव्हाण. व्हासालु इ सिल्व १९८० मध्ये गोव्याला पाहुणा म्हणून आला तेव्हा लोकांनी त्याचे बरे स्वागत केले. इमारती न उडवता शरण गेला हे लोक विसरले नव्हते.

आता दाबोळीच्या जोडीला मोपाही आहे, २०२३ च्या जानेवारीपासून. रोज अनेक विमाने आखाताकडे जातात, आणि त्यांत लिस्बनचे तिकीट काढलेला एखादा तरी गोवेकर असतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना आपली जन्मनोंद लिस्बनच्या दप्तरात करून पोर्तुगीज नागरिक होता येते. त्या क्षणी भारतीय नागरिकत्व जाते, कारण आपल्या घटनेत दोन नागरिकत्वांना जागा नाही. कित्येक घरांत यावरून रात्र रात्र बोलणी चालतात. मी कोणाला जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. ज्याचे पोट त्याचा निर्णय.

आमच्या वाड्यावरच्या एका मुलाने असेच कागद पाठवले आहेत. ते परत आले. आजोबांच्या जन्मदाखल्यावर आडनाव पोर्तुगीज वळणाने ‘कामोतीं’ असे आहे आणि बापाच्या दाखल्यावर ‘कामत’. दोघे बापलेक हे सिद्ध करा म्हणतात. त्याने नवे प्रतिज्ञापत्र करून जानेवारीत पुन्हा पाठवले. परवा रस्त्यात भेटला तेव्हा विचारले, तर म्हणाला, वकील सांगतो सप्टेंबरपर्यंत उत्तर येईल.